माळ्यावरच्या ‘वी’वर होमब्रू: अडॅप्टरपासून बॅकअपपर्यंत

निन्टेंडोचा वी हा कन्सोल २००६ च्या नोव्हेंबरात विक्रीला आला. कंपनीच्या लेखी आता त्याचा कारभार आटोपला आहे. ऑनलाइन खेळ २० मे २०१४ रोजी बंद झाले आणि वी शॉप चॅनल ३० जानेवारी २०१९ रोजी. यंत्र मात्र चिवट आहे. अमेरिकेहून परतलेल्या भावाच्या सामानातून आलेला किंवा सेकंडहँड घेतलेला वी सहसा चालू होतोच. त्यावर कंपनीच्या परवान्याशिवाय हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे होमब्रू, चालवायचं असेल तर काय करायचं ते इथे क्रमाने दिलं आहे. कन्सोल उघडायचा नाही, डाग मारायचा नाही, चिप बसवायची नाही. सगळं काम एका एसडी कार्डावर होतं.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. होमब्रू चढवताना वी जवळजवळ कधीच बिघडत नाही. बिघडतो तो दोन दिवसांनी, कुठलातरी जुना व्हिडिओ बघून ‘आणखी थोडं’ करताना. म्हणून पायऱ्यांचा क्रम बदलू नका आणि सातवी पायरी झाल्याशिवाय आठवीकडे जाऊ नका.

या लेखात फायली आणि फोल्डरांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कार्डावर ती इंग्रजी लहान अक्षरांत असतात. ती डाउनलोडमध्ये जशी येतात तशीच ठेवा.

कायद्याचं थोडक्यात

भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ २०१२ च्या दुरुस्तीने आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण, म्हणजे डिजिटल कुलूप, तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर सूट आहे. अमेरिकेतला कायदा याहून कडक आहे आणि तिथे संरक्षण तोडण्यावरच आक्षेप असतो. तिकडे राहून हे करणार असाल तर ते वाचून घ्या. इथे पुढे जे आहे ते होमब्रू प्रोग्राम आणि स्वतःच्या डिस्क यांपुरतं आहे. उतरवलेल्या खेळांच्या ‘हजार गेमच्या हार्ड डिस्क’ विकणाऱ्यांशी त्याचा संबंध नाही.

काय जमवायचं

- वी, त्याचा रिमोट आणि सेन्सर बार. रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात, मोठ्या मापाचे, म्हणजे डबल ए. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल गळलेले असतात. त्यांचे पांढरे क्षार कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा, कोरडं होऊ द्या आणि मगच नवे सेल घाला.
- २ ते ३२ जीबीचं एसडी कार्ड. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं टाळा, कारण ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि वी ती वाचत नाही. मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून चालतं, पण स्वस्त अडॅप्टरचे संपर्क सैल असतात आणि अर्ध्या बॅकअपला कार्ड ‘गायब’ होतं.
- कार्ड वाचता येईल असा संगणक. फोनवरही जमतं, पण झिप उघडताना गोंधळ होतो.
- ‘सीआर २०३२’ बटण सेल. का, ते तिसऱ्या पायरीत कळेल.
- बारीक, फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर. दुकानात ‘स्टार’ मागितला की तोच देतात.
- वही आणि पेन. मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक, चौथी पायरी) फोनवर फोटो काढून ठेवला तरी चालेल.

१. भिंतीत पिन घालण्याआधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा

अमेरिकेतल्या वीचा मूळ अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असतो, जपानमधला १०० व्होल्टचा. लॅपटॉपच्या चार्जरसारखा तो १०० ते २४० व्होल्ट घेत नाही. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात नुसती पिन बदलून लावला की आधी वास येतो, मग अडॅप्टर कायमचा बंद पडतो. युरोप, इंग्लंड किंवा आखातातून आलेल्या वीचा अडॅप्टर २२० ते २४० व्होल्टचा असतो. तिथे फक्त पिन बदलायची.

कन्सोलला स्वतःला १२ व्होल्ट डीसी लागतात, जास्तीत जास्त ३.७ अँपिअर. त्यामुळे अमेरिकन वीला इथला २३० व्होल्टचा वी अडॅप्टर बिनदिक्कत चालतो. वीच्या टोकाचा प्लग खास निन्टेंडोचा आहे, म्हणून बाजारात मिळणारा गोल पिनचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बसत नाही. मूळ अडॅप्टरच वापरायचा असेल तर १०० वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. बाजारात स्टेप-अपही मिळतो, आणि दोन्हींची पेटी सारखीच दिसते.

टीव्हीचं थोडक्यात: वीची मूळ वायर पिवळी, लाल आणि पांढरी. नव्या टीव्हीला कधी कधी या तिघींऐवजी एकच बारीक एव्ही भोक असतं, त्याला त्याच टीव्हीची जोडवायर लागते. दुसऱ्या कंपनीची लावली तर चित्र काळंपांढरं येतं किंवा आवाजाच्या जागी गुरगुर. वीला लागणारा छोटा एचडीएमआय कन्व्हर्टर घेतलात तर सेटिंगमधून चित्र ४८०पी करा.

२. कोणता वी आहे ते ओळखा

मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो.

आरव्हीएल-००१: वर झाकणाखाली गेमक्यूबचे (निन्टेंडोचा वीआधीचा कन्सोल) चार सॉकेट असलेला मूळ वी. सगळ्यात सोयीचा.

आरव्हीएल-१०१: २०११ नंतरचा, गेमक्यूबचे सॉकेट काढून टाकलेला. पद्धत तीच.

आरव्हीएल-२०१: लाल-काळा वी मिनी. याला एसडीचा खाचा नाही आणि इंटरनेटही नाही. खालची पद्धत त्याला चालत नाही, त्याच्यासाठी ब्लूटूथवाटे जाणारी ‘ब्लूबॉम्ब’ ही वेगळी वाट आहे. वी यू या निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलमधल्या वी मोडलाही हा लेख लागू नाही, कारण या पद्धतीला लागणारा संदेशफलक (वीचा मेसेज बोर्ड) त्यात नाही.

आता वी चालू करा आणि वी सेटिंग्जमध्ये जा. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आवृत्ती दिसते, उदाहरणार्थ ४.३यू. शेवटचं अक्षर प्रदेशाचं: यू अमेरिका, ई युरोप, जे जपान, के कोरिया. आकडा आणि अक्षर दोन्ही लिहून घ्या.

४.३ ही २०१० मध्ये आलेली शेवटची आवृत्ती आणि आपली पद्धत फक्त तिच्यावर चालते. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर दोन शक्यता आहेत. कन्सोल घरचाच असेल आणि कधी कुणी हात लावलेला नसेल तर सेटिंगमधून ४.३ पर्यंत अपडेट करा. सेकंडहँड असेल तर थांबा. काही कोरियन वींचा प्रदेश बदलून ते अमेरिकन म्हणून विकले गेले आहेत. असा वी ४.२ किंवा ४.३ वर नेला की ‘एरर ००३’ दाखवून तिथेच अडकतो. ब्रिक म्हणजे वीट, आणि नेमकं तेच होतं. विकणाऱ्याला इतिहास विचारा, आणि मेन्यूत आधीपासून ‘होमब्रू चॅनल’ (होमब्रू प्रोग्राम उघडायचं चॅनल) दिसत असेल तर अपडेटच्या वाटेला न जाता थेट सातव्या पायरीवर या.

३. घड्याळ लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पाचव्या पायरीत ‘पत्र येतच नाही’ म्हणून डोकं धरून बसतात.

वीचं घड्याळ एका बटण सेलवर चालतं. पंधरा वर्षांत तो सेल मेलेला असतो, आणि प्लग काढला की तारीख १ जानेवारी २००० वर जाते. पुढची सगळी युक्ती तारखेवर अवलंबून आहे. बाजूच्या छोट्या झाकणाचा एक स्क्रू काढून आतला सीआर २०३२ बदला. नवा सेल घालताना अधिक चिन्हाची बाजू जुन्यासारखीच ठेवा. मग वी सेटिंग्ज, कॅलेंडर, आणि आजची तारीख व वेळ.

सेल आज मिळत नसेल तरी काम अडत नाही. तारीख हाताने लावा आणि काम पूर्ण होईपर्यंत प्लग काढू नका.

४. मॅक पत्ता

वी सेटिंग्ज, इंटरनेट, कन्सोल माहिती. तिथे बारा अक्षरांचा मॅक पत्ता दिसतो. जोडीला लॅन अडॅप्टरचा वेगळा पत्ताही दिसू शकतो, तो आपल्याला नको. इंटरनेट जोडलेलं नसलं तरी हे पान उघडतं.

लिहून घेताना बी आणि ८, डी आणि ० यांत चूक होते. पत्त्यात आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असतात, त्यामुळे ओ कधीच नसतो. जिथे गोल दिसेल तिथे शून्य.

५. कार्ड आणि लेटरबॉम्ब

कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, क्लस्टरचं माप ३२ केबी. २ जीबीच्या कार्डाला नुसतं फॅट चालतं. कार्डाच्या कडेची बारीक कुलूपपट्टी वर, म्हणजे ‘उघडी’ ठेवा. ती अर्धवट खाली असली की संगणक लिहू देतो पण वी देत नाही, किंवा उलट.

आता थोडं कारण, म्हणजे पुढच्या चुका आपोआप टळतील. वीच्या संदेशफलकावरची पत्रं एसडी कार्डावर साठवता येतात. पत्र कोणत्या फोल्डरात शोधायचं हे वी दोन गोष्टींवरून ठरवतो: स्वतःचा मॅक पत्ता आणि पत्राची तारीख. ‘लेटरबॉम्ब’ या २०११ मध्ये आलेल्या युक्तीत एक बिघडवलेलं पत्र नेमक्या त्या फोल्डरात ठेवतात. फलक ते उघडायला जातो, पत्रातली जादा माहिती मेमरीत सांडते आणि कार्डावरचा आपला प्रोग्राम चालू होतो. म्हणूनच मॅकचं एक अक्षर चुकलं किंवा तारीख वेगळी असली तर एरर येत नाही. नुसतं काहीच दिसत नाही.

संगणकावर प्लीज डॉट हॅकमी डॉट कॉम उघडा (इंग्रजीत ‘हॅकमी’च्या शेवटी दोन आय).

क) आवृत्तीच्या अक्षराप्रमाणे प्रदेश निवडा. वी भारतात आहे म्हणून युरोप निवडू नका. कन्सोल जे सांगतो तेच.

ख) मॅक पत्ता भरा.

ग) ‘हॅकमी इन्स्टॉलर (होमब्रू चॅनल बसवणारा प्रोग्राम) सोबत द्या’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण असू द्या. ती काढली तर पत्र उघडेल पण पुढे चालवायला काही नसेल.

घ) लाल वायर कापा किंवा निळी. फरक काहीच नाही, तो त्या मंडळींचा विनोद आहे.

जी झिप उतरते तिच्यात ‘प्रायव्हेट’ नावाचं फोल्डर आणि ‘बूट.ईएलएफ’ नावाची फाइल असते. दोन्ही कार्डाच्या मुळाशी ठेवा, दुसऱ्या कुठल्याही फोल्डरात नाही. विंडोज झिप उघडताना स्वतःचं एक जादा फोल्डर करतं. ते फोल्डर उचलून टाकू नका, त्याच्या आतलं टाका. कार्डावर आधीपासून ‘प्रायव्हेट’ असेल तर त्यात तुमच्या खेळांचे सेव्ह असू शकतात. ते पुसू नका, विंडोजने विचारल्यावर मर्ज करा. ॲपलच्या मॅक संगणकावर ओढून टाकताना ‘रिप्लेस’ केलंत तर सेव्ह जातात.

कार्ड समोरच्या छोट्या दारामागच्या खाचेत घाला. वीच्या मुख्य पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात गोल पाकीट आहे, ते संदेशफलक. उघडा. लाल पाकिटावर बॉम्बचं चित्र असलेलं पत्र दिसलं पाहिजे.

आजच्या तारखेत नसेल तर एक दिवस मागे जा. सर्व्हरचं घड्याळ आपल्या मागे असतं. भारतातून सकाळी पत्र बनवलं तर ते ‘काल’च्या पानावर पडतं. एक दिवस पुढेही बघून घ्या. तिन्ही दिवशी नसेल तर प्रदेश, मॅक, वीची तारीख, कार्ड या क्रमाने तपासा.

पत्रावर टिचकी मारा. चित्र क्षणभर गोठतं, मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावतात. घाबरून पॉवर बंद करू नका. मिनिटभरानंतरही काही झालं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, झिप पुन्हा उतरवा, शक्य असेल तर २ जीबीचं कार्ड वापरून बघा.

६. हॅकमी इन्स्टॉलर

सुरुवातीला इशारा येतो: हे सॉफ्टवेअर तुम्ही पैसे देऊन घेतलं असेल तर तुम्हाला फसवलं आहे, पैसे परत मागा. काही सेकंदांनी ‘१ दाबा’ असं दिसतं. पुढच्या पडद्यावर तुमच्या कन्सोलवर काय काय बसू शकतं याची यादी येते. तिच्यात ‘बूटमी’ (बॅकअप घेणारा आणि तो परत टाकणारा प्रोग्राम) या शब्दाशेजारी काय लिहिलं आहे ते नीट वाचा.

जुन्या वींत, साधारण २००८ पर्यंत बनलेल्या, बूटमी ‘बूट२’ म्हणून, म्हणजे कन्सोल चालू होताना अगदी सुरुवातीला चालणाऱ्या भागात, बसतो. हे भाग्य समजा. तो इतक्या खालच्या थरात असतो की वरचं सगळं उद्ध्वस्त झालं तरी कार्ड घालून कन्सोल परत जिवंत करता येतो. नंतरच्या वींत निन्टेंडोने ती फट बुजवली, तिथे बूटमी फक्त ‘आयओएस’ (वीच्या सिस्टीम सॉफ्टवेअरचा एक भाग, ॲपलचं आयओएस नव्हे) म्हणून बसतो. तेवढ्यावर बॅकअप घेता येतो, पण परत टाकायचा असेल तर आधी कन्सोल कुठपर्यंततरी चालू व्हायला हवा.

यादीतून आधी होमब्रू चॅनल बसवा. मग बूटमी: बूट२ चा पर्याय असेल तर तोच, नसेल तर आयओएस. त्याच मेन्यूत ‘एसडी कार्ड तयार करा’ हाही पर्याय येतो, तो चालवा. मग बाहेर पडा. मेन्यूत होमब्रू चॅनल दिसू लागेल.

मूळ चॅनलचं काम बनवणाऱ्यांनी २०२५ मध्ये अधिकृतपणे थांबवलं. बसलेल्या चॅनलला त्याने काही होत नाही.

७. नॅन्डचा बॅकअप

नॅन्ड म्हणजे वीच्या आतली ५१२ एमबीची साठवण. मेन्यू, सेव्ह, मी-पात्रं (खेळाडूंनी बनवलेल्या बाहुल्या), चॅनलं सगळं तिथे. तिची प्रत तुमच्याकडे असेल तर पुढची बहुतेक दुखणी बरी होतात. नसेल तर वीट.

कार्डावर किमान ६०० एमबी मोकळे ठेवा. होमब्रू चॅनल उघडा, रिमोटवरचं होम दाबा आणि ‘बूटमी चालवा’ निवडा. आता रिमोट चालणार नाही, रिमोट बिघडला म्हणून सेल बदलत बसू नका. बूटमीला ब्लूटूथ कळत नाही. कन्सोलवरचं पॉवर बटण पुढच्या चित्रावर नेतं आणि रीसेट निवडतं. आरव्हीएल-००१ असेल तर गेमक्यूबचं कंट्रोलरही चालतं.

मुख्य पडद्यावर दातेरी चाकांचं चित्र निवडा. आत बाण असलेली दोन चित्रं शेजारी आहेत. एकात बाण चिपकडून कार्डाकडे जातो, तो बॅकअप. दुसऱ्यात कार्डाकडून चिपकडे, ती पुनर्स्थापना. पहिला हवा. दुसऱ्यावर कुतूहलानेसुद्धा जाऊ नका.

४०९६ ब्लॉक एकेक करून वाचले जातात, मग तपासले जातात. साधारण पाव तास धरा, संथ कार्डावर जास्त. मधे काही ‘खराब ब्लॉक’ दिसतील. नॅन्ड चिप कारखान्यातूनच थोडे खराब ब्लॉक घेऊन येते, त्याने काळजी करू नका. तपासणीत मात्र वाचलेलं आणि लिहिलेलं जुळत नाही असं आलं तर दोष बहुधा कार्डाचा असतो. दुसरं कार्ड घ्या आणि पुन्हा करा.

संपल्यावर कार्डाच्या मुळाशी ‘नॅन्ड.बिन’ आणि ‘कीज.बिन’ या दोन फायली मिळतात. पहिली ५२८ एमबीची, दुसरी एवढीशी. दोन्ही संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा, नावात कन्सोलचा अनुक्रमांक लिहा. मग कार्डावरून काढून टाका. या फायली प्रत्येक कन्सोलच्या किल्ल्यांनी बांधलेल्या असतात, त्यामुळे मित्राच्या वीचा बॅकअप तुमच्या वीला चालत नाही.

बूट२ वाल्यांना एक सूचना. ‘बूटमी’ फोल्डर असलेलं कार्ड आत असेल तर वी दर वेळी बूटमीतच उघडतो. त्रास होत असेल तर फोल्डरचं नाव बदलून ठेवा, पुसू नका.

८. प्रायलोडर

बूट२ न मिळालेल्यांसाठी हा दुसरा विमा आहे, मिळालेल्यांनीही घ्यावा. प्रायलोडर वीच्या मेन्यूच्या आधी चालू होतो. त्यामुळे मेन्यू बिघडला तरी त्यातून होमब्रू चॅनल किंवा बूटमी गाठता येतो.

त्याचं फोल्डर कार्डावर ‘ॲप्स’ फोल्डरात टाका, होमब्रू चॅनलमधून उघडा, पडद्यावर सांगितलेलं बटण दाबून बसवा. मग वी पूर्ण बंद करा, रीसेट दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर दाबा. प्रायलोडरचा मेन्यू आला पाहिजे. ही चाचणी आजच करा. अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा करून बघण्यात अर्थ नाही.

आतल्या ‘सिस्टीम मेन्यू हॅक्स’मध्ये दोनच गोष्टी चालू करा: डिस्कवरून येणारे अपडेट अडवणं आणि ऑनलाइन अपडेट अडवणं. परदेशी प्रदेशाची डिस्क घातल्यावर तिच्यासोबतचा अपडेट चढला की सेटिंगचं पान उघडेनासं होतं, त्याला अर्धी वीट म्हणतात. पासवर्ड लावायची सोय आहे, पण लावू नका. विसरलात की तुमचा विमा तुम्हालाच नाकारतो.

९. ॲप टाकायची रीत

एकच नियम आहे: कार्डावर ‘ॲप्स’, त्यात प्रोग्रामच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘बूट.डीओएल’ किंवा ‘बूट.ईएलएफ’. फाइलचं नाव दुसरं असेल तर चॅनलला ती दिसत नाही. फोल्डरात पुन्हा त्याच नावाचं फोल्डर पडलं असेल तरीही नाही. ‘ॲप टाकलं पण दिसत नाही’ या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हेच असतं.

सुरुवातीला एवढं पुरे: व्हिडिओ आणि गाण्यांसाठी वीएमसी, सेव्हच्या प्रती ठेवायला सेव्हगेम मॅनेजर जीएक्स, डिस्कची प्रत काढायला क्लीनरिप. मारिओ कार्ट वी ऑनलाइन खेळायचं असेल तर विम्फी ही हौशी मंडळींची सेवा आहे, आणि हवामान-बातम्यांची चॅनलं वीलिंकने पुन्हा उभी केली आहेत. ॲप शोधायला ओपन शॉप चॅनल सोयीचं.

इंटरनेट जोडताना वीला २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय कळतं, तेही जुन्या बी आणि जी पद्धतीचं. घरच्या नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा पद्धत चालू असेल तर वी कधीच जोडला जाणार नाही. डब्ल्यूपीए२ करा, किंवा राउटरच्या पाहुण्यांच्या नेटवर्कवर जुनी सेटिंग ठेवा.

१०. स्वतःच्या डिस्क यूएसबीवर

वीचा डिस्कवाचक हा त्याचा सगळ्यात आधी थकणारा भाग. मूळ डिस्क जपायच्या असतील तर क्लीनरिपने त्यांची प्रत काढता येते. एका थराची डिस्क ४.३७ जीबीची असते आणि फॅट३२ वर एका फाइलची मर्यादा ४ जीबी. म्हणून प्रत तुकड्यांत येते, त्यात चूक काही नाही.

यूएसबीवरून चालवायला ‘सीआयओएस’ हा बदललेला आयओएस लागतो. आज डी२एक्स हा एकच वापरा. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये बेस ५६ आणि ५७, जागा २४९ आणि २५०, आवृत्ती ६५५३५. हा शेवटचा आकडा मुद्दाम एवढा मोठा असतो, म्हणजे कुठलाही अपडेट त्याच्यावर लिहीत नाही. वीला इंटरनेट नसेल तर बेसच्या फायली आधी कार्डावर ठेवाव्या लागतात.

पेन ड्राइव्ह टाळा, मधूनच खेळ अडकतो. छोटी हार्ड डिस्क घ्या, एमबीआर पद्धत, एकच प्रायमरी पार्टिशन, फॅट३२, क्लस्टर ३२ केबी. मागच्या दोन यूएसबी भोकांपैकी कडेच्या जवळचं वापरा. दुसऱ्या भोकात बरेच प्रोग्राम डिस्क शोधतच नाहीत.

बिघडतो तो इथे

थीम. थीमची फाइल आवृत्ती आणि प्रदेश दोन्हींना बांधलेली असते. ४.३ई ची थीम ४.३यू वर टाकली की मेन्यू चालू होत नाही. प्रायलोडर असेल तर वाचाल. माझं मत विचाराल तर थीम हा प्रकार करूच नये, दिसण्यापुरत्या गोष्टीसाठी जोखीम फार मोठी.

वॅड फायली. हे वीच्या अंतर्भागात थेट जाणारे संच असतात. एखाद्या चॅनलचं चित्र सदोष असलं तर मेन्यू ते दाखवायला जातो आणि कोसळतो. प्रायलोडरमधून होमब्रू चॅनल उघडा, वॅड मॅनेजरने तेच चॅनल काढून टाका.

आयओएस पुसणं. ‘जागा मोकळी करा’ म्हणणारे जुने व्हिडिओ नको ते आयओएस काढायला लावतात. ४.३ चा मेन्यू आयओएस ८० वर चालतो. तो गेला की मेन्यू गेला.

प्रदेश बदलणं. टीव्हीची अडचण सोडवायला काही जण हे सुचवतात. टीव्हीसाठी वायर बदला, प्रदेश नाही.

जुन्या मार्गदर्शिका. २००८ च्या सुमाराची युक्ती एका खेळाच्या सेव्ह फाइलवर चालायची, २००९ ची एसडी मेन्यूवर. ४.३ वर दोन्ही बंद आहेत. ज्या लेखात तुमच्या आवृत्तीचा आकडा नाही, त्यातली पायरी करू नका.

काळा पडदा आलाच तर: आधी कार्ड आणि यूएसबी काढून चालू करा. नाही झालं तर टीव्हीचं इनपुट आणि वायर बघा. मग रीसेट धरून प्रायलोडर. तोही आला नाही आणि बूटमी बूट२ मध्ये असेल तर ‘बूटमी’ फोल्डर आणि नॅन्ड.बिन असलेलं कार्ड घाला, आणि ज्या दुसऱ्या बाणावर जायचं नाही म्हटलं होतं, त्यावर आता जा. मात्र नॅन्ड.बिन याच कन्सोलची आहे ना, हे फाइलच्या नावातला अनुक्रमांक आणि खालचा स्टिकर जुळवून आधी बघून घ्या.